खर्ड्याच्या आज्यांनो, बाजारभाव पाडू नका

प्रति,
समस्त आजीवर्ग (आईकडच्या आणि बापाकडच्या),
खर्डा, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर

विषय: लेकरं सांभाळण्याचा दर न आकारता बाजाराची शिस्त बिघडवल्याबाबत.

सन्माननीय आज्यांनो,

तुमच्या धंद्याबद्दल तक्रार आली आहे. तक्रारदार मीच आणि चौकशी अधिकारीही मीच, तेव्हा प्रकरण लांबणार नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात. गोधड्या, भांडी, पिठाचा डबा, दोन-चार कोंबड्या आणि कोयते घेऊन बालाघाटावरची माणसं ऊस तोडायला खाली उतरतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो. लेकराला त्या वहीत ओळ नाही. ते तुमच्या ओसरीवर सोडलं जातं. तुम्ही ना अर्ज भरून घेता, ना अनामत, ना पावती फाडता. किती दिवसांसाठी? तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. पट्टा कधी पडणार हे कारखान्याच्या चेअरमनलाही दिवाळीत सांगता येत नाही. असला बेमुदत करार तुम्ही ‘आजीपाशी नीट राहा रं’ एवढ्या एका वाक्यावर मान्य करता. याला व्यवहार म्हणतात का?

शहरातल्या पाळणाघरवाल्या बायकांकडून काही शिका. त्यांच्या भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं. लेकरू महिन्यात बारा दिवस आलं काय नि पंचवीस दिवस आलं काय, फी पूर्ण महिन्याची. अर्ध्या दिवसाची फी अर्धी नसते, अर्ध्याहून बरीच जास्त असते. घ्यायला उशीर झाला की अर्ध्या तासाला वेगळे पैसे. दिवाळीत गावाला गेलात तरी फी चालू. आया सुरुवातीला कुरकुरतात, मग गुपचूप भरतात. कारण हिशेब खरा आहे. एसटीचं रिझर्व्हेशन केलं की तुम्ही बसा न बसा, सीटचे पैसे द्यावेच लागतात. पाळणाघरातल्या जागेचंही तसंच. पोर आलं नाही म्हणून खोलीचं भाडं कमी होत नाही, सांभाळणाऱ्या बाईचा पगार थांबत नाही. आणि ज्या आईची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, तिचं लेकरू तर आणखी महाग पडायला हवं. ते कधी येणार हे शनिवारपर्यंत कळत नाही, म्हणून ती जागा दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. थोडक्यात, पैसे तासांचे नसतात, वाट बघत मोकळं बसून राहण्याचे असतात.

आता तुमचं बघा. सकाळी खुरपणीला जाणारी सून रात्री नऊला सांगते, ‘उद्या बोलावलंय.’ तुम्ही म्हणता, ‘जा.’ कांदा काढणीला पंधरा दिवस सलग, मग आठ दिवस काहीच नाही, मग एकदम तुरीची सोंगणी. आशाताईला मध्यरात्री बाळंतिणीबरोबर जामखेडला जावं लागतं, तिचं झोपलेलं पोर उचलून तुमच्या कुशीत. गावची लेकरं सांभाळणारी अंगणवाडीची ताईसुद्धा स्वतःचं लेकरू सासूपाशी ठेवून येते. इतक्या अनियमित वेळापत्रकाचं काम कुठल्याही पाळणाघरानं दारातूनच परत पाठवलं असतं. तुम्ही दारही लावत नाही.

सरकारनंही दर ठरवून पाहिलेत, म्हणून सांगतो. राष्ट्रीय पाळणाघर योजनेच्या 2017 च्या नियमांत दारिद्र्यरेषेखालच्या घराला लेकरामागे महिना 20 रुपये, आई-बापाची मिळून कमाई 12 हजारांपर्यंत असेल तर 100 आणि त्यापुढं 200 असे दर होते. पाळणाघर महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. लेकरं 25. आणि आई महिन्यातले किमान 15 दिवस किंवा वर्षातले सहा महिने कामावर असली पाहिजे, अशी अट होती. हा नियम वाचून मला आनंद झाला, कारण तुमची सून बरोबर सहा महिने कामावर असते. पात्रच की! अडचण एवढीच, की ती पात्र ठरते तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या फडात असते, आणि पहाटे तीनला गाडी भरायला उठते. साडेसात तासांचं पाळणाघर उघडायला तेव्हा बराच अवकाश असतो.

आपल्याच राज्यात तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला याच अडचणीवर उलटा विचार केला होता. पोरं गुरांमागं जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. तिला कुरणशाळा म्हणत. पण ती जुनी गोष्ट झाली. आता पोरानं योजनेच्या वेळेत बसायचं असतं.

अंगणवाडी 1975 पासून आहे, ताईंना मानधन आहे. ते परवडेना म्हणून त्यांनी डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 असा लांबलचक संप केला आणि राज्यभर अंगणवाड्यांना कुलपं लागली. सरकारी ताईंना संप करता येतो. तुम्ही केलात तर? नुसती कल्पना करा: एका दिवाळीत खर्डा, जामखेड, पाथर्डी, पाटोदा, आष्टी इथल्या आज्यांनी एकमुखानं सांगितलं, ‘औंदा जमायचं नाही.’ किती ट्रॅक्टर वेशीवरून परत फिरतील? मला वाटतं, त्या वर्षी कित्येक कारखान्यांचं गाळप आठवड्याभरात अडकेल आणि मंत्रालयात तुमच्यासाठी खुर्च्या मांडल्या जातील. पण तुम्ही संप करणार नाही, हे मंत्रालयालाही ठाऊक आहे आणि मुकादमालाही.

मुकादमाचं नाव निघालंच आहे तर त्याच्याकडून शिका. त्याच्यासारखा अनियमित वेळेचा दर ठरवणारा तज्ज्ञ अख्ख्या जिल्ह्यात नाही. कोयत्यानं एक दिवस दांडी मारली की तो ‘खाडा’ मांडतो. बाई बाळंत झाली, ताप आला, सासरा गेला, कारण कुठलंही असो, खाडा तो खाडा. बऱ्याच ठिकाणी दिवसाला पाचशेच्या आसपास, कुठं त्याहूनही जास्त, आणि उचलीतून, म्हणजे आधी दिलेल्या आगाऊ रकमेतून, वळता. न झालेल्या कामाचे पैसे कसे घ्यायचे ते त्याला पक्कं कळतं. तुम्हाला मात्र झालेल्या कामाचेही घेता येत नाहीत.

गावाला वसुलीचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. 11 मार्च 1795 ला इथं मराठे आणि निजाम भिडले ते थकलेल्या चौथाईवरून. निजाम खर्ड्याच्या भुईकोटात कोंडला गेला, नाना फडणविसांनी तहात तीन कोटींचा हिशेब मांडला, दौलताबाद घेतलं आणि निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस म्हणून पुण्याला नेला. पुढं पैसे पुरते वसूल झाले नाहीत, ती गोष्ट वेगळी. पेशवे सवाई माधवराव गेल्यावर नानांनाच निजामाची गरज पडली आणि सूट द्यावी लागली. गरजवंत सूट देतो, हा नियम तेव्हाही होता. तुम्ही तर शंभर टक्के सूट देताय.

म्हणून तुमचं बिल मीच काढून देतो. दर मी माझ्या मनानं लावलेला नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांतल्याच एका बाईला लेकरं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे लेकरं राखणं ही हजेरीपटावरची मजुरी आहे, हे एकदा तरी कागदावर आलं. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांना 312, म्हणजे तासाला 39. तुमची ड्युटी चोवीस तासांची: दिवसाला 936. हंगाम सहा महिन्यांचा धरला तर 4,320 तास, रक्कम 1,68,480 रुपये. यात रात्रपाळीचा भत्ता धरलेला नाही, रविवार धरलेला नाही, नातवाला उलट्या लागल्या म्हणून वडाप करून जामखेड गाठल्याचं भाडंही नाही. लेकरं किती हेही विचारलेलं नाही. तीन असली तरी दर एकच.

आता दुसरी बाजू. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. जोडीनं अंधारातून अंधारापर्यंत राबून दोन टन पाडले तर 732 रुपये. दोघांचे मिळून! घरी बसलेल्या आजीचं बिल 936. सून दिवसभर वाकून जे कमावते त्यातून लेकराच्या राखणीचा हमी-दराचा खर्चसुद्धा निघत नाही. मग साखर एवढ्या स्वस्तात कशी तयार होते, याचा छडा लागला. फरक तुम्ही भरताय.

तुमच्याकडं कागदोपत्री एकच पुरावा सापडला, तो किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत. बिस्कीटपुडा, खोबरेल तेल, पुन्हा बिस्कीटपुडा, क्रोसिनची बाटली, वही-पेन्सिल, साबण. फडातून सूनबाई दुकानदाराला फोनवर पैसे पाठवते आणि ओळींवर काट मारली जाते. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तुम्ही फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवता, नातू पडलेला दात दाखवतो, पलीकडून ती ‘जवळ धर, दिसंना’ म्हणते, तेवढ्यात रेंज जाते. नातू विचारतो, ‘आई कवा येणार?’ तुम्ही म्हणता, ‘पट्टा पडला की.’ या प्रश्नाचं उत्तर रोज देण्याचा दर कुठल्याच पाळणाघरानं अजून लावलेला नाही, मलाही सुचला नाही. बिलात जागा रिकामी सोडली आहे.

तुम्ही काय म्हणणार ते ठाऊक आहे. ‘लेकरू का परकं हाय?’ नाही. म्हणूनच तर हे चाललंय. लेकरू तुमचं आहे हे सगळ्यांनी आपल्या हिशेबात धरून ठेवलंय, उसाच्या दरात, मुकादमाच्या कमिशनात, साखरेच्या भावात. तुमची माया हा त्यांचा कच्चा माल आहे आणि तो फुकट मिळतो.

तेव्हा पुढच्या हंगामापासून खालीलप्रमाणे करावे. सुनेशी दराबद्दल बोलू नये. तिच्याकडं द्यायला काही नाही, आणि बोललात तर ती उद्याच लेकरू काखेत घेऊन फडावर जाईल. बिल मुकादमामार्फत कारखान्याच्या नावे काढावे. ठरलेल्या तारखेपेक्षा पट्टा लांबला तर प्रत्येक जादा दिवसाला तुम्हीही खाडा मांडावा. तो शब्द त्यांना लगेच समजतो. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातला किती पैसा घरी राहिलेल्या लेकरांवर आणि त्यांना राखणाऱ्यांवर खर्च होतो, हे ग्रामसभेत उभं राहून विचारावं. आणि तोडणीचा नवा करार होईल त्या बैठकीला, कारखानदार आणि संघटना समोरासमोर बसतील तेव्हा, तुमच्यातल्या एकीनं जाऊन मधल्या खुर्चीवर बसावं. नातवाला सोबत न्यावं. त्याला तिथं कोण सांभाळतं ते बघू.

कळावे,
आपला हिशेबी ग्रामस्थ

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी:

चेअरमनसाहेब, सर्व साखर कारखाने. सोबत बिल जोडले आहे.

मुकादम मंडळी. बैठकीला येताना खाड्याची वही घेऊन यावे, दर त्यातूनच ठरवू.

सूनबाई, मुक्काम फड. तुला हे पत्र फक्त वाचण्यासाठी. तुझ्याकडून काही येणे नाही.