कुत्र्यांची मंडई

आमच्या शेरूला मी 'बस' म्हटलं की तो बसतो. बसायच्याच बेतात असला तर लगेच बसतो, एरवी थोडा विचार करून. या एका भांडवलावर मी नातेवाइकांत कुत्र्यांचा जाणकार म्हणून वावरतो. नागपूरच्या धाकट्या भावाचा ब्रुनो सोफा कुरतडतो म्हणून त्याचा फोन आला की मी डोळे मिटून सांगतो, "तुम्ही लाड करता. आवाजात जरब पाहिजे." गोंदियाच्या बहिणीचा बिट्टू पोळीला तूप लावल्याशिवाय खात नाही, त्यावरही माझ्याकडे जरबच. आणि शेरू साधासुधा नाही, कारवान आहे, हेही मी बोलण्याच्या ओघात घालतो. तो लांबट आहे आणि बारीक आहे. कारवान असायला आणखी काय लागतं?

यंदा भाऊबीजेनंतरच्या आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेला सगळे आले ते कुत्री घेऊनच. ठेवणार कुठे? पूर्वी मंडईला गाडीतून पोरं सांडायची. आता ती पोरं पुण्याला आणि बंगळुरूला. त्यांना भाऊबीजेनंतर सुट्टी उरत नाही, मग गाडीच्या मागच्या सीटवर ब्रुनो, त्याच्या शेजारी पांढरीशुभ्र कोको. भावाच्या बायकोने उतरल्या उतरल्या दोघांना सांगितलं, "जा, मोठ्या बाबांना भेटा." मोठे बाबा म्हणजे मी. सख्ख्या पुतण्याने या नावाने हाक मारून बरेच महिने झाले होते, त्यामुळे मी जरा खूश झालो, हे कबूल करायला हरकत नाही. मग ब्रुनोने माझ्या धुतलेल्या धोतरावर दोन्ही पाय ठेवले. लॅब्राडोर तीसेक किलोचा भरतो. मी 'बस' म्हटलं. बसलो मीच.

एकेकटं कुत्रं म्हणजे घरातलं माणूस. चार एकत्र आली की त्यांचं एक मंडळ होतं आणि त्याची पहिली सभा ओसरीवरच भरते. आधी एकमेकांची मागून सविस्तर चौकशी. मग एकाने पुढचे पाय जमिनीवर पसरायचे, छाती टेकवायची, मागची बाजू वर ठेवायची आणि समोरच्याकडे बघायचं. कोलोरॅडो विद्यापीठातले मार्क बेकॉफ यांनी कुत्र्यांच्या खेळाच्या चित्रफिती बारकाईने तपासून 1995 साली मांडलं, की चावून झटका देण्याच्या आधी किंवा नंतर कुत्री असं वाकतात. म्हणजे 'आता जे करतोय ते मनावर घेऊ नका.' आमच्या सोयऱ्यांतही ही पद्धत आहे. आधी लागेल असं बोलायचं आणि मग "गंमत केली हो!" कुत्री निदान वाकतात तरी.

तर अशी वाकून झाल्यावर सभा शेतात गेली. हलक्या धानाची कापणी झालेली, कडपा बांधीत पडलेल्या. कडप उन्हाने कडक झाली की नुसता हात लागला तरी लोंबीतून दाणा झडतो. तिथे ब्रुनो लोळला. कोकोने एक पेंढी तोंडात धरली, शेरूने तिचं दुसरं टोक धरलं आणि दोघं बांध्या ओलांडत सुटली. पग जातीचा बिट्टू, त्याला मुळातच श्वास पुरत नाही, तो कडपेवर पालथा पडून घोरायला लागला. बांधावरून गड्याची हाक आली, "अजी भाऊ, तुमचे पाव्हणे धान मळून रायले नं जी!" मी बांधावर उभा राहून जरब वापरली. चौघांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि शेजारच्या बोडीत उड्या टाकल्या. दिवाळीच्या सुमाराला बोडीत पाणी गुडघाभर आणि चिखल त्याहून जास्त. तो चिखल पुढच्या पाच मिनिटांत माजघर, नवी चादर आणि बहिणीचा नवरा या क्रमाने घरभर पोचला.

त्या संध्याकाळी देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीपुढे मी बराच वेळ बसलो. भक्तीने नव्हे, अभ्यासाने. चार कुत्री आहेत. चार वेद म्हणतात त्यांना. पण चारही शांत, एकही गाईच्या शेपटीशी खेळत नाही, एकही कमंडलू पाडत नाही. हे जमलं कसं? उत्तर तसबिरीतच आहे. महाराजांना तोंडं तीन आणि हात सहा. एका तोंडाने 'बस', दुसऱ्याने 'सोड', तिसऱ्याने 'हाड', आणि सहा हातांपैकी त्रिशूळ, शंख, चक्र वगैरे धरूनही एखादा गळपट्ट्याला मोकळा राहत असणार. एक तोंड आणि दोन हात घेऊन चार कुत्री सांभाळायला निघालेला मी, मला दत्तसंप्रदायाचा काही अधिकारच नव्हता.

धर्मराजाचं तसं नाही. तो एकच घेऊन गेला. इंद्राचा रथ आला, कुत्र्याला सोड म्हणाला, धर्मराज म्हणाला सोडणार नाही. मोठं बाणेदार उत्तर, पण सोबत दुसरा एखादा ब्रुनो असता तर इंद्राच्या रथाची गादी उरली नसती आणि स्वर्गाने दार आतून लावून घेतलं असतं. महाभारत कुत्र्यापाशी संपायला येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुरुवातही कुत्र्यापाशीच होते, हे फारसं कुणी सांगत नाही. जनमेजयाच्या सत्रात सरमेचं पिल्लू आलं आणि राजाच्या भावांनी ते बडवून काढलं. पिल्लू रडत आईकडे गेलं. ते म्हणालं, मी हविर्भागाकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटणं दूरच. सरमा देवांची कुत्री, ती थेट राजाकडे जाऊन विचारते, याचा अपराध काय? एवढ्या मोठ्या राजाला आणि त्याच्या भावांना उत्तर सुचत नाही. मग ती शाप देते. हे मला तसबिरीपुढे बसून आठवायचं कारण नव्हतं. कारण दुसऱ्या दिवशी मिळालं.

दुपारी चकल्यांचा डबा पळवला गेला. काम नियोजनबद्ध होतं. बिट्टू फाटकाशी उभा राहून कुणी आलं नसताना भुंकला. सगळे पाहायला बाहेर गेले. ब्रुनोने स्वयंपाकघराच्या दाराची कडी नाकाने वर केली, कोको टेबलावर चढली, आणि डबा खाली आल्यावर तो उघडायला आमचा शिस्तीचा शेरू पुढे. हे मला इतकं तपशिलात माहीत आहे, कारण भावाच्या बायकोने खिडकीतून मोबाइलवर सगळं टिपलं. "किती हुशार आहेत, बघा ना भाऊजी!" ती चित्रफीत पुण्याला गेली, बंगळुरूला गेली. पोरांचे हसऱ्या तोंडांचे पिवळे गोळे परत आले. ज्यांना धान किती झालं हे विचारायला वर्षात सवड होत नाही, त्यांचे त्या दुपारी तीन तीन फोन आले.

ओसरीच्या पायरीखाली गावातलं एक कुत्रं होतं. तांबूस, एका कानाचं टोक तुटलेलं, शेपटीचा शेंडा पांढरा. त्याला नाव नाही. उरलेला भात माझी बायको त्याच्यापुढे टाकते. डबा ओढताना सांडलेला भुगा ते चाटत होतं. आमच्या एका पाहुण्याने कोपऱ्यातली काठी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. "चोरटं कुठलं!" कुत्रं ओरडलंही नाही फारसं. मागचा पाय वर धरून तीन पायांवर फाटकाबाहेर गेलं. मोबाइल तेव्हा बंद होता. तोंडाला चकलीचं तेल लागलेली चार कुत्री ओसरीवर बसून बघत होती, आणि चौघांना वहिनी ओल्या फडक्याने तोंड पुसून देत होती. पाहुणा वयाने आणि मानाने मोठा. मी त्याला काही म्हणालो नाही. नंतर चहा नको म्हणालो, इतकंच. माझा निषेध पाहुण्याच्या लक्षात आला नाही. त्याने माझाही चहा घेतला.

रात्री नाटक. झाडीपट्टीत नाटकाआधी उद्घाटन असतं आणि उद्घाटनाला स्टेजवर नटांपेक्षा पाहुणे जास्त असतात. त्यात मीही होतो. शाल मिळाली, नारळ मिळाला, माइक मिळाला. मी 'आजच्या काळात शिस्तीची गरज' यावर बोलायला लागलो. लोक ऐकत होते. म्हणजे उठून गेले नव्हते. इतक्यात माझ्या घराच्या दिशेने घणघण असा आवाज आला. तो आमच्या आजीच्या लग्नातला पितळेचा गुंड. भंडाऱ्याचं जुनं पितळ, पायऱ्यांवरून गडगडलं तर वेशीपर्यंत ऐकू जातं. पाठोपाठ मंडपात कोको शिरली. तिच्यामागे शेरू, ब्रुनो, धापा टाकत बिट्टू, आणि त्यांच्यामागे गावातली झाडून सगळी कुत्री. मिरवणूक मधल्या वाटेने स्टेजवर आली, माझ्याभोवती तिने दोन प्रदक्षिणा घातल्या, माझी शाल एका टोकाला धरली आणि विंगेतून पसार झाली. मी माइकवरून 'बस!' म्हणालो. पुढच्या रांगेतली उभी असलेली शाळकरी पोरं तेवढी खाली बसली. टाळ्या मात्र मनापासून पडल्या.

कोकोला कावळा शिवलाय, हे वहिनीने आल्या दिवशीच माझ्या बायकोच्या कानात सांगितलं होतं म्हणे. जाणकाराला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. गर्दीच्या शेवटी तीन पायांवर एक तांबूस कुत्रं येत होतं, ते मी स्टेजवरून पाहिलं होतं. शालीच्या गडबडीत पुढे लक्ष राहिलं नाही.

आमच्याकडे मंडईत सोयरिकी जुळतात, ही जुनी रीत आहे. संक्रांतीच्या सुमाराला नागपूरहून फोटो आला. टोपलीत पाच पिल्लं, तीन पांढरी, दोन तांबूस, आणि पाचांच्याही शेपटीला पांढरा शेंडा. तांबूस असल्यावर तो नीट दिसतो. खाली वहिनीचा प्रश्न : "भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. कोणत्या जातीची असतील हो?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. जावईबापू फाटकाशी भात खात होते. पाय बराच सुधारला होता.

'कारवान,' मी लिहून पाठवलं, 'अस्सल. एक आमच्यासाठी ठेवा.'