सोवळ्यातलं संशोधन

2020 साली कोविडवरच्या प्रीप्रिंटांचा पूर आला. तज्ज्ञांची तपासणी व्हायच्या आतच मेडआर्काइव्ह आणि बायोआर्काइव्ह या संकेतस्थळांवर निबंध येऊन पडत होते. ते वाचायला माणसं आणायची कुठून? मग यंत्रं कामाला लावली.

त्यातलं जेटफायटर इंद्रधनुषी रंगांचे आलेख पकडतं, कारण ते फसवे असतात आणि रंगांधांना नीट वाचता येत नाहीत. रास्त आहे. बारझूका नको तिथे काढलेले स्तंभालेख हुडकतं. सायस्कोअर प्रयोगाच्या कार्यपद्धतीतले उल्लेख तपासतं. पण माझं लाडकं यंत्र वेगळंच. ते फक्त एवढंच बघतं की लेखकाने स्वतःच्या अभ्यासाच्या मर्यादा सांगितल्यात का. सांगितल्या? झालं, सोवळं पाळलं! त्या खऱ्या आहेत का, त्यांच्यामुळे निष्कर्षच कोसळतो का, हे बघणं त्याच्या कामात बसत नाही.

उद्या कोणी काढ्याच्या वाफेने विषाणू पळतो असं ‘सिद्ध’ केलं, तर रंग सौम्य ठेवावेत, स्तंभ टाळावेत आणि शेवटी लिहावं, ‘नमुना लहान होता, अधिक संशोधनाची गरज आहे.’ यंत्र खूश. काढा मात्र तसाच उकळत राहील.

हुशार विभागप्रमुखांनी हा मर्यादांचा परिच्छेद एव्हाना टाइप करून सर्वांना वाटलाही असेल. त्यात फक्त रोगाचं नाव बदलायचं.