खुर्ची उलटी करणारे काका

पाहुणा घरी आला की आधी बसतो, मग पाणी पितो. जबलपूरच्या मराठी वस्त्यांमध्ये मात्र एखादे काका असे असतातच, की ते यजमानाची खुर्ची आधी उलटी करतात. खुर्चीचे पाय वर, काका वाकलेले, चष्मा कपाळावर. एका पायावरून अंगठा फिरवतात आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या वहिनींना विचारतात, "रेगमाल मारलाय ना ह्याला?" रेगमाल म्हणजे सँडपेपर; वहिनींना वाटतं, ढेकूण निघाले.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही हेच. पोहे येईपर्यंत बैठकीतल्या दोन खुर्च्या पालथ्या पडल्या होत्या. सोयरीक जुळली ती केवळ मुलीचे वडीलही शेजारी उकिडवे बसून "कुठं, कुठं?" म्हणून बघू लागले म्हणून.

काका फॅक्टरीतून निवृत्त. जबलपुरात नुसतं 'फॅक्टरी' म्हटलं की पुरतं. कुठली, ते सायकलच्या दिशेवरून कळायचं. काकांची म्हणजे तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी; ती इथं 1904 सालापासून आहे. त्या काळात तोफांची चाकं लाकडी असत. चाकाला आरे आले, आणि आरे गोलसर तासायला साहेबाचं एक खास हत्यार होतं : स्पोकशेव्ह. म्हणजे दोन बाजूंना दोन मुठी आणि मधे आखूड पातं, असा बुटका रंधा. खुर्चीचे पाय, हात आणि पाठीच्या दांड्या करणाऱ्या सुतारांनीही तो उचलला. "आमच्या आजोबांपासून हे रक्तात आहे," काका सांगतात. आजोबा टाइम ऑफिसात होते, हे काकू आतून सांगतात. स्वतः काका हिशेब खात्यात. पण फंडाचे पैसे हातात आले आणि पहिली खरेदी झाली ती दोन स्पोकशेव्हची. एक सपाट तळाचा, बाहेरच्या बाकासाठी. दुसरा गोल तळाचा, आतल्या बाकासाठी. काकूंनी मागितलेला मिक्सर पुढच्या हप्त्यावर गेला.

मागच्या अंगणात शिकंज्यात सागाचा दांडा आवळलेला असतो. जो सापडेल त्याला काका शिकवतात. "मी काय म्हणतो, उतार बघून चालायचं. बाकाच्या उंचवट्यावरून खोलगटाकडे. तिथं थांबायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा उतरायचं. चढानं गेलास की लकडी रुसते." रुसते म्हणजे तंतू उचकटतात आणि गुळगुळीत पायावर खवले उभे राहतात. पातं केसभरच बाहेर हवं. जास्त काढलं तर हत्यार थरथरतं आणि लाकडावर लहरी उमटतात. यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि पंचाईत तीच आहे. माणूस चूक बोलत असता तर उठून जाता आलं असतं.

त्यात साग. सागाच्या अंगात बारीक वाळूसारखी सिलिका असते, ती पात्याची धार खाते. म्हणून काका तासण्यापेक्षा जास्त वेळ तेलाच्या दगडावर पातं घासत असतात. धार लागली की नाही, ते हातावरचे केस उतरवून बघायचं. काकांचा डावा हात बारा महिने तुळतुळीत असतो. उजव्यावर जंगल.

मधे एकदा दार दुरुस्तीला मिस्त्री आला होता. रंधा, पटाशी, बसूला आणि पिशवीत रेगमालची गुंडाळी. तो संध्याकाळपर्यंत काकांचं तासणं बघत राहिला. निघताना म्हणाला, "काय बड्डे, टांग तो एकदम मक्खन है. बाकी तीन कब?" काकांनी त्याला इंग्लंडमधलं हाय विकम ऐकवलं. तिथं घरोघर खुर्च्या कशा व्हायच्या, एका जाड फळीच्या बैठकीत चारही पाय भोकं पाडून कसे ठोकायचे, वगैरे. ऐकताना वाटावं, हाय विकम म्हणजे कटनीच्या पुढचं स्टेशन. मिस्त्रीनं चहा संपवला आणि मजुरी मागितली.

हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाई ह्याच शहरात राहिले. खुर्चीला चिकटणाऱ्यांची त्यांनी यथेच्छ सालं काढली. खुर्ची पालथी करणारा त्यांच्या दारी गेला नसावा, नाहीतर सुटला नसता.

आता खरं तेही सांगायला हवं. काकांच्या खुर्चीवर मी बसलोय. हो, तिला चार पाय आहेत. हातावर मनगट टेकलं की ते जिथं थांबतं तिथंच लाकूड वळलेलं; रेगमालनं येतो तसा मेणचट गुळगुळीतपणा नाही, बोटांना पात्याच्या बारीक पैलू जाणवतात. पाठीला त्या दांड्या कुठंही टोचत नाहीत. बाजारात अशी मिळत नाही. पण काकू तिच्यावर बसत नाहीत. त्यांच्या मते, बसलं की काका समोर उभे राहून "कसं वाटतंय?" विचारतात आणि भाजी करपते. सालपटांवर बंब मात्र छान तापतो, एवढं त्या कबूल करतात.

तेव्हा असे काका तुमच्याकडे येणार असतील, तर घरातली सगळी लाकडी आसनं आतल्या खोलीत सरकवा आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे करा. तिच्यावर ते डोळे मिटून निमूट बसतात आणि अर्ध्या तासात उठतात.