टाकीजवळची सून वडशाला गेली

– वहिनी, मेथी निवडता निवडता ऐका. टाकीजवळच्या घरची धाकटी सून सायकलनं वडशाला जाऊन आली. एकटी!

– काहून बाप्पा? एसटी बंद होती का?

– हौस! नवरा घरी, मुलगा घरी, अन् ही निघाली ऐन थंडीत. सासूनं काय करावं? तिळाचे लाडू बांधून दिले. आपल्या वेळी नुसतं माहेरी जातो म्हटलं तरी तीन दिवस तोंडं वाकडी असायची.

– अन् नवरा?

– खिचडी खाऊन होता म्हणे. बरं झालं, कुकर कुठं असतो ते तरी कळलं.

– पण भीती नाही वाटली का पोरीला?

– वाटली ना. कुठं, तं नागपूर ते भंडारा! साठेक किलोमीटर हायवे, अन् ट्रक अगदी कोपराला घासून जातात. साकोलीहून नवेगावबांधकडे वळली तेव्हा कुठं जिवात जीव आला म्हणे. आता तिथल्या तलावावर हिवाळी पाखरं उतरलीत. मारुती चितमपल्ली तिथंच वनखात्यात होते, माहीत आहे ना? तिनं त्यांची पुस्तकं वाचली, म्हणून तं हे खूळ.

– ते राहू द्या. वाघाचं सांगा.

– तुम्हाला वाघच पाहिजे! 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प आहे, आत सायकल नेऊ देतात होय? ही आपली बाहेरच्या डांबरी रस्त्यानं. तरी ऊन वर आल्याशिवाय निघायचं नाही अन् अंधाराच्या आत गाव गाठायचं, हे वाटेतल्या टपरीवाल्यानंच दटावून सांगितलं. बरोबरच आहे त्याचं. 2022 च्या ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात तो सीटी-1 वाघ पकडला नव्हता का? 13 माणसांचा जीव घेतला होता त्यानं. तिथली माणसं वाघाच्या गोष्टी हसत सांगत नाहीत.

– अगं आई!

– बरं, अंगातला हा स्वेटर कुठून घेतला तुम्ही?

– तिबेटी लोकांकडून. काहून?

– अर्जुनी मोरगावजवळ गोठणगावला त्यांची वसाहत आहे, 1972 पासूनची. भाताच्या बांध्या, पळस, मोह, अन् मधेच त्या रंगीत पताका! ही पोचली तं किती तरी घरांना कुलपं. म्हातारीकोतारी तेवढी उन्हात माळ ओढत बसलेली. बाकीचे कुठं? स्वेटर विकायला, शहरोशहरी! म्हणजे थंडी पडली की ते निघाले आपल्याकडं, अन् ही निघाली त्यांच्याकडं.

– मंग वडशाला काय होतं एवढं?

– नाटक! कागदावर देसाईगंज, पण तिकडच्या जंगलपट्ट्यात, झाडीपट्टीत, त्याला वडसाच म्हणतात. नाटक कंपन्यांची कचेरी तिथंच. भाऊबीजेला मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की आज या गावात प्रयोग, उद्या त्या गावात. कुठं बैलांच्या शंकरपटाच्या जोडीनं. तिथले नट परशुराम खुणे, त्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती या नाटकांसाठीच. रात्री दहानंतर पडदा उघडतो अन् पहाटेपर्यंत चालतं. घरोघरी पाहुणे, मुलीबाळी माहेरी आलेल्या, अन् पोरं दाखवायचं कामही तिथंच उरकतं. सोयरिकी जमतात हो!

– अन् ही एकटी बाई तिथं रात्रभर?

– एकटी कुठली! ज्या घरी उतरली त्या घरच्या बायकांनी मधे बसवलं, वरून पांघरूण दिलं. फक्त एकच चौकशी चालली होती रात्रभर.

– कसली?

– नवरा सोडून आली का म्हणून! नाही म्हटलं तरी कोणाला पटेना. मला तं वाटते, वाघापेक्षा या प्रश्नानंच पोरगी जास्त दमली असेल.

– मलाही तेच विचारायचं होतं हो...

– विचारू नका. तिची सासूच आता सायकल शिकतो म्हणते. आपल्याच्यानं काही ते व्हायचं नाही. पण वडशाला नागपूरहून एसटी जाते, अन् नाटकं होळीपर्यंत असतात. भाऊजींना आजच सांगून ठेवा, अन् शाल जाडच घ्या.