दिसला का?

चंद्रपूरला पाहुणा मे महिन्यात येतो. महाबळेश्वर आणि कोकण सोडून, डोक्याला टॉवेल गुंडाळून येतो. त्याचं कारण सोपं आहे. मे महिन्यात ताडोब्यातले पाणवठे आटतात, उरल्यासुरल्या पाण्यावर वाघ येतो, आणि वाघ येतो म्हणून पाहुणा येतो. तहान वाघाला लागते आणि कूलरमध्ये बादल्या मला ओताव्या लागतात.

२०१९च्या मे महिन्यात आमचा पारा ४८ अंशांच्या आसपास गेला आणि जगातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत चंद्रपूरचं नाव झळकलं. पानठेल्यावर त्या दिवशी जो अभिमान पाहिला, तो दहावीच्या निकालालाही पाहिला नाही. वाळवंटातली शहरं मागे पडली होती! बरं, वाळवंटात ऊन असणार हे उघड आहे. आम्ही जंगल, नद्या, तलाव असं सगळं सांभाळून हे ऊन कमावलं आहे. जमिनीखाली कोळसा, जमिनीवर २९२० मेगावॉटचं वीज केंद्र, त्याच्या चिमण्यांवर सूर्य, आणि या सगळ्याच्या मधे खिशात कांदा घेऊन आम्ही.

माझ्या पुण्याच्या साडूची अशी ठाम समजूत आहे की, चंद्रपूरचा माणूस वाघाच्या रोजच्या बोलण्यातला असतो. तो फोनवर तब्येत विचारत नाही. थेट विचारतो, "साडूभाऊ, दिसेल ना?" मी काय सांगणार? वाघ माझ्या खात्यात कामाला नाही. पण "सांगता येत नाही" म्हटलं की पलीकडे एकदम शांतता पसरते, आणि मीच रजा नाकारल्यासारखं मला वाटायला लागतं.

स्वतःच्या चुलत आत्या किती हे साडूला आठवत नाही, पण ताडोब्यातल्या वाघांची वंशावळ पाठ आहे. माया कोणाची, मटकासुर कुठला, वाघडोहचा दरारा कसा होता, हे तो घरातल्या थोरल्यांबद्दल बोलावं तसं सांगतो. बुकिंग महिनोन्‌महिने आधी झालेलं असतं. मोहर्ली गेट मिळालं की कोलारा, कोअर की बफर, यावर पुण्यात घराघरांत मानपान ठरतो. बफरवाले जरा खाली मान घालून बोलतात. मंगळवारी कोअर बंद. आत मोबाइल नेता येत नाही. पहाटे अंधारात उठायचं, जिप्सीत बसायचं, आणि मग कुजबुजायचं. लग्नाच्या बैठकीत ज्याचा आवाज तीन मांडव ऐकतात, असा हा माणूस मोहर्लीच्या गेटातून आत शिरला की ओठ न हलवता बोलतो.

आत गेल्यावर काय दिसतं? रानगवे दिसतात. अस्वल दिसतं, रानकुत्री दिसतात, तलावात मगर दिसते. यातलं काहीही धरायचं नसतं. सांबर ओरडलं तर त्याचं कौतुक सांबर म्हणून होत नाही, वाघाचा निरोप्या म्हणून होतं. ताडोबा तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा देव. तो गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला, असं सांगतात. पौषात तिथे यात्रा भरते. ज्याला वाघाने मारलं त्याच्या नावावर हे जंगल १९५५पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून चाललं आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं. मी हे साडूला सांगितलं. त्याने दुर्बीण न काढता विचारलं, "हो का? आणि तो वाघ कोणता होता?"

सफारीहून परतल्यावर उरलेला दिवस काढायचा असतो. दुपारी बाहेर पडणं हा आमच्याकडे आत्मघात समजतात, म्हणून संध्याकाळी मी पाहुण्यांना किल्ला दाखवायला नेतो. किल्ला म्हणजे डोंगरावर चढायचा नाही. अख्खं जुनं गावच परकोटाच्या आत आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर असे चार दरवाजे आणि चोर खिडकीसारख्या काही खिडक्या. कथा अशी की, राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या. झरपट नदीच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. पुढे एकदा शिकारीला निघालेल्या राजाने पाहिलं, तर एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करत होता. राणी शहाणी. ती म्हणाली, ही जागा सोडू नका, ससा जिथून धावला तिथून तट बांधा. जगातल्या किती शहरांची हद्द सशाने आखून दिली असेल? साडूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मधे वाघ कुठे येतो?"

दरवाज्यावर गोंड राजांचं चिन्ह आहे. ते पाहून त्याचा चेहरा उजळला. "हा वाघच ना?" मी म्हटलं, सिंह आहे, हत्तीवर स्वार झालेला. चेहरा मावळला. मग राजा बिरशहाची समाधी पाहिली. ती राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधली. ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, इथे हिशेब उलटा आहे. यावर मेव्हणीने साडूकडे असं काही पाहिलं की, आपलं स्मारक होण्याची शक्यता किती, हे त्याला तिथेच कळलं.

लालपेठेला रायप्पा कोमटी नावाच्या सावकाराने मोठ्या देवळासाठी घडवून घेतलेल्या अजस्र मूर्ती उघड्यावर पडल्या आहेत. देऊळ झालंच नाही. त्याच्या आधी सावकार गेला. दहा तोंडांची दुर्गा सुमारे पंचवीस फुटांची आहे, आणि तोंडं मोजून लोकांनी तिला परस्पर रावण करून टाकलं आहे. ती ऊन खात पडून आहे. तिला तिकीट नाही, रांग नाही. मंगळवारीसुद्धा दिसते. हेच तिचं चुकलं.

गडचिरोलीकडे वळलं तर हा दोष आणखी ठळक होतो. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळं आहेत. त्यांच्या भिंतींवरच्या मूर्ती पाहायला एक दिवस पुरत नाही. त्याही पुढे आलापल्लीचं सागवान. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी आणि दिल्लीच्या नव्या संसदेसाठी आमच्या दोन जिल्ह्यांतलं लाकूड गेलं. आमचं झाड दिल्ली पाहून बसलं आणि दिल्लीचा माणूस अजून आलापल्ली पाहायला आलेला नाही. कमलापूरला हत्तींचा कॅम्प आहे. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी एकत्र येतात. त्याच तालुक्यात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३पासून उभा आहे. सिरोंचाजवळ वडधमला झाडं दगड झालेली आहेत. तिथून नदी ओलांडली की तेलंगणात सापडलेल्या डायनोसॉरच्या सांगाड्यापर्यंत गोष्ट जाते. वाघापेक्षा कितीतरी मोठा प्राणी! मी साडूला म्हटलं, हा हमखास दिसतो, मेल्यामुळे कुठे जात नाही. तो म्हणाला, "पण त्यात थ्रिल नाही."

थ्रिल हा शब्द आमच्याकडे फार जपून वापरावा लागतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेडकडून, मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात, भर उन्हात, कोणी पायी, कोणी ट्रॅक्टरने. झरपटीत अंघोळ करतात, देवीपुढे उभे राहतात आणि परत जातात. वाघ दिसला का, हे त्यांना कोणी विचारत नाही आणि देवी दिसली का, हे विचारायची गरज नसते. आणि ज्यांना वाघ खरोखर दिसतो ते तर त्याबद्दल बोलतच नाहीत. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाया पहाटे त्याच जंगलात शिरतात. त्यांना जिप्सी नसते. आमच्या जिल्ह्यात दरवर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. बातमी येते, पंचनामा होतो, दुसऱ्या दिवशी उरलेल्या बाया पुन्हा जंगलात जातात, कारण हंगाम थांबत नाही. मोहर्लीच्या वाटेवर चहा देणाऱ्या एका आजीला साडूने लाडात येऊन विचारलं, "आजी, तुम्हाला दिसतो का हो?" आजीने गाळणी झटकली. "बाबू, तुमी पैसे देऊन त्याले पाहाले जाता. आमी म्हनतो, पैसे आमच्याकडून घ्या, पन त्याले आमाले दाखवू नोका."

साडू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कमी बोलला. वाघही दिसला नव्हताच.

रात्री गच्चीवर पाणी मारून, गाद्या घालून पडलो असताना मला एक तोडगा सुचला. हमखास दिसणाऱ्या गोष्टींना दिसेनासं करायला हवं. इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७पासून शेकडो दिवस किल्ल्याच्या भिंतींवरची झाडंझुडपं काढून तट मोकळा केला, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं नाव घेतलं. काम उत्तम, पण त्यामुळे किल्ला स्वच्छ दिसायला लागला, आणि गिऱ्हाइकाच्या मनात इथेच पाल चुकचुकते. उपाय असा: परकोटाचे चार झोन करावेत. जटपुरा कोअर, पठाणपुरा बफर. दर दरवाज्यातून मोजक्याच गाड्या. मंगळवारी बंद, पावसाळ्यात बंद. मोबाइल गेटवर जमा. गाइडने कुजबुजत सांगावं, "कालच्या फेरीत बिनबा दरवाजा दिसला नाही, आज नशीब आहे." पावतीवर छापावं की, समाधी दिसण्याची हमी नाही.

पुण्याला गेल्यावर साडूचा फोन आला तेव्हा मी सहज म्हटलं, "अरे, लालपेठेचं आता अवघड झालं म्हणतात. एप्रिल-मे पूर्ण भरलंय."

"काय सांगता! रावणाचं?"

"दुर्गेचं. सकाळची फेरी तर मिळतच नाही."

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज आला.

"साडूभाऊ, तुमची कोणाशी तरी ओळख असेल ना? आणि एक सांगा," त्याने आवाज एकदम खाली आणला, "दिसेल ना?"