बैलाला नियम, बुलेटला मोकळं रान

कॅलिफोर्नियात रात्री चौक अडवून गाड्या गरगर फिरवतात, भोवती पोरं मोबाइल धरून उभी. २०२४ च्या सप्टेंबरात तिथल्या गव्हर्नरांनी ते रोखण्यासाठी एकदम चार विधेयकांवर सही केली.

बीडकराला हे वाचून हसू यावं. इथे चौक अडवायला एखाद्या भाऊंचा वाढदिवस पुरतो. मांजरसुंब्याहून स्कॉर्पिओंचा ताफा निघतो, धुळे-सोलापूर महामार्गाची अख्खी बाजू व्यापतो. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला एक जण रील काढतो. मागे बुलेटवाले सायलेन्सरमधून फटाके फोडतात. उसाचा ट्रॅक्टर बापडा कडेला थांबतो.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८९ : राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंड होता फक्त ५०० रुपये. त्यात भाऊंच्या हारातली एक पाकळीही येत नाही.

उलट बैलगाडा शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलांची डॉक्टरी तपासणी हवी. नियम मोडला तर राज्याच्या २०१७ च्या कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. स्कॉर्पिओला शिंगं नाहीत, एवढाच काय तो फरक.

गाडी अल्पवयीन पोराने चालवली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ बापाला धरतं : पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद. बाप त्या वेळी चौकातल्या बॅनरवर असतो. शुभेच्छुकांच्या रांगेत, डावीकडून तिसरा.