अव्वल कारकुनांचा ग्राइंडर

तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या अव्वल कारकुनाला पेन्शन मिळते, मान मिळतो, लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत जागा मिळते. परंतु ज्यावर शेरा मारावा असा एकही कागद त्याच्यापुढे कोणी आणून ठेवीत नाही, आणि हे दुःख घरच्या मंडळींना सांगून समजण्यासारखे नसते. भिवापूरचे आमचे काकाजी (सारा गाव त्यांना एवढ्याच नावाने ओळखतो) हा विरह काही काळ सोसून अखेर लोखंडकामाकडे वळले. गाय विकल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात त्यांनी एक जुना व्हाइस बसवला, भिंतीवर कानशी टांगल्या, आणि आता उणीव केवळ एका ग्राइंडरची उरली आहे असे जाहीर केले.

सामान्य माणूस अशा वेळी दुकानात जातो. काकाजींनी नस्ती उघडली.

नस्तीच्या शिरोभागी, ‘घरगुती वापराकरिता अँगल ग्राइंडर खरीदणेबाबत’ असा विषय वळणदार अक्षरात लिहिला होता. त्याखाली नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीतून स्वतः जाऊन आणलेली दरपत्रके, बॉश, मकिता आणि डिवॉल्ट यांचा तुलनात्मक तक्ता, आणि हे यंत्र १९५४ साली जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने प्रथम घडवले असे एक टिपण, अशी कागदपत्रे क्रमांक घालून दोऱ्याने ओवलेली होती. चार, पाच, सात आणि नऊ इंची अशा चारही आकारांची त्यांनी निःपक्षपाती चौकशी केली. चार इंची यंत्र मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते आणि नऊ इंची मात्र ६,५०० च्या आसपास थांबते, ही विसंगती त्यांना प्रथम अफरातफरीसारखी वाटली. पण चकतीची कड सेकंदाला ८० मीटरच्या पलीकडे जाऊ नये म्हणून चकती मोठी झाली की फेरे कमी ठेवावे लागतात, हे कळल्यावर त्यांनी समाधानपूर्वक ‘रुजवात घेतली’ असा शेरा मारला. चार इंची चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते, हे गणित सुटले त्या दिवशी नागभीडच्या नॅरोगेज गाडीने उभा जन्म प्रवास केलेले हे गृहस्थ रात्री जेवले नाहीत.

स्विचच्या प्रश्नावर तर स्वतंत्र प्रकरण झाले. सरकवायचा स्विच एकदा पुढे गेला की यंत्र हातातून निसटून जमिनीवर पडले तरी फिरतच राहते. उलट दाबून धरायचा स्विच हात सुटताक्षणी वीज तोडतो. काकाजींनी दुसऱ्याची शिफारस केली, कारण हुकूम मागे घेताच अंमल थांबावा असे साधन त्यांना उभ्या नोकरीत एकदाही लाभले नव्हते.

या अवधीत मिरचीचे सातरे लागले, देठ खुडून झाले, सातरे उठले, पुन्हा लागले. नॅरोगेज २०१९ साली कायमची बंद झाली. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळून गेले. नस्ती निर्णयार्थ पडूनच होती. “विळीले धार लावाची म्हटली तं तिचीही फाइल करान काय?” असे काकूंनी विचारले, तेव्हा तो मुद्दा प्रस्तुत प्रकरणाच्या कक्षेबाहेरचा ठरवण्यात आला.

शेवटी तज्ज्ञाचा अभिप्राय म्हणून ते वेल्डिंगवाल्या पोराकडे गेले. पोराच्या ग्राइंडरच्या वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी, चष्मा डोळ्यांऐवजी कपाळावर, आणि तोंडात खर्रा. त्याने सगळा तक्ता ऐकून घेतला आणि विचारले, “काकाजी, कापाचं काय आहे, ते तं सांगा न पहिले.”

“ते नंतरचं. आधी साधन, मग कार्य.”

“मंग चार इंचीच घ्या. पट्ट्या न चौकोनी पाइपच कापान न तुम्ही? सात इंची अडकली का मनगट मुरगाळते. चार इंचीची चकती कोणत्याही दुकानात भेटते. अन् जे घ्यान त्याचे कार्बन उमरेडात भेटले पायजे, नाही तं मशीन नुसती पडून राह्यते.”

माझ्या मते सगळ्या नस्तीत अर्थपूर्ण असा हाच एक परिच्छेद होता. काकाजींनी तो ‘तोंडी जबाब’ या सदराखाली नोंदवला.

खरेदी झाली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, कारण पूजेला हत्यार हवे. दाबून धरायच्या स्विचच्या त्या चार इंची यंत्राला हळदकुंकू लागले, झेंडूचे फूल वाहिले गेले, आणि ते पुन्हा खोक्यात गेले. त्याने लोखंडाला स्पर्श केल्याचा पुरावा पुढे कित्येक महिने दफ्तरी आढळत नाही.

मग ऐन लग्नसराईत पोराच्या मशीनचे आर्मेचर जळाले आणि तो काकाजींच्या दारी आला. रीतसर पावतीवर यंत्र देण्यात आले. संध्याकाळी ते परत आले, तेव्हा प्रथमच तापलेले, काळवंडलेले, कामाला आलेले होते. मात्र गार्ड जागेवर नव्हता. काकाजींनी तत्काळ पंचनामा आरंभला. चकती फुटली तर तिचे तुकडे आणि माणसाचे तोंड यांच्यामध्ये एवढाच एक पत्रा असतो, हे त्यांनी त्याला चढ्या स्वरात समजावले. आणि त्यांच्या साऱ्या विद्येत हे वाक्य खरोखर अक्षरशः खरे होते.

“खिशात आहे न गार्ड. कोपऱ्यात हात जात नव्हता म्हून काढला. हरवला थोडीच, काकाजी.”

गार्ड ताब्यात घेऊन पोच देण्यात आली आणि पोराकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. तो अद्याप आलेला नाही. दोन स्मरणपत्रे गेली आहेत. ती दोन्ही घडी करून पोराने वेल्डिंगच्या टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारली आहेत हे मला ठाऊक आहे, पण काकाजींच्या कानी ते कोणी घालू नये, कारण तिसऱ्याचा मसुदा तयार आहे.